स्वरालीची दहा वाक्यं

निपाणी, सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

आक्का,

पाकिटावरचा पत्ता मी शाळेच्या कारकुनाकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच ठेवून देशील अशी भीती वाटली. एवढी फसवणूक पदरात घे. तुझा नंबर चुलतीनं दिलाय, पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवलास तर पुन्हा करायचं धाडस माझ्यात नाही.

आप्पांच्या तेराव्याला आपण शेवटचं बोललो, त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशीचं आज लिहीत नाही. आज दुसरंच कारण आहे.

निपाणीपासून पाऊण तासावरच्या एका गावात मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते, हे तुला चुलतीकडून कळलं असेल. गेल्या आठवड्यात नववीला सब्जेक्ट आणि प्रेडिकेट घेतलं. आपल्या व्याकरणातलं उद्देश्य आणि विधेय. हे शब्द पोरांना जड जातात, म्हणून मी एवढंच विचारते, "वाक्य कुणाबद्दल? आणि त्याचं काय?" फळ्यावर लिहिलं, 'इन द मॉर्निंग द बस कम्स.' सगळे ओरडले, "मॉर्निंग, मॅडम!" पहिला येतो तो सब्जेक्ट, अशी त्यांची समजूत. मी म्हटलं, कोण येतं? सकाळ येते का बस? मग हसले. मग 'शट द डोअर' लिहिलं आणि म्हटलं, आता ह्यात शोधा. कुणालाच सापडेना. मागच्या बाकावरून स्वराली म्हणाली, "ज्याला सांगितलंय त्यो, मॅडम. त्याचं नाव घेतलं न्हाय. खरं करायचं त्यानंच."

इतक्या वर्षांत एवढं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

घरी करायला मी दहा सब्जेक्ट दिले. वडील, आजी, काका, पाहुणे, शाळा, बस असे, आणि शेवटचा 'आय', म्हणजे मी. पुढचं प्रेडिकेट ज्यानं त्यानं भरायचं. काल रविवारी दुपारी वह्या तपासत बसले होते. बाप शेतकरी आहे, शाळा सुंदर आहे, बस लाल आहे. सगळ्यांचं तेच. मग स्वरालीची वही आली.

माझे वडील गोव्याला हॉटेलात कामाला आहेत. माझी आजी घर सारवते आहे. माझ्या काकांनी हिरवी साडी आणली आहे. तिथं तिनं 'हॅज बाय' लिहिलं होतं, मी लाल पेनानं 'बॉट' केलं. पाहुण्यांनी मला चालून दाखवायला सांगितलं. 'टोल्ड'चं स्पेलिंग चुकलं होतं, तेही नीट केलं. मधली दोन वाक्यं साधीच होती. माझी मैत्रीण माझी कंपासपेटी घेणार आहे. शाळा माझ्यासाठी बुधवारी संपेल. बस माझ्यासाठी थांबणार नाही.

इथपर्यंत मी स्पेलिंगच बघत होते, आक्का. प्रत्येक वाक्यापुढं बरोबरची खूण करत होते. 'बस माझ्यासाठी थांबणार नाही' वर खूण करताना हात थांबला, आणि मी परत पहिल्यापासून वाचलं.

दहाव्या वाक्यात 'आय' एवढंच होतं. पुढची ओळ कोरी.

आज मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. म्हटलं, "स्वराली, ही वाक्यं?"

"तुम्हीच सांगितलं न्हवं मॅडम, पुढचं भरा म्हणून."

"खरी आहेत?"

"वाक्यं हायत."

"आणि हे शेवटचं? पुढं काहीच नाही."

ती टेबलाच्या कडेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काय लिवायचं ते सुचंना. काका म्हणाले, तुला इचारलंय कोण."

मी कधी, कुठं, कुणाशी असं विचारत गेले. तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. जाताना मात्र दारातून वळली. "वही घरी न्हिऊ, का हितंच ठिवू?"

मी ठेवून घेतली. आता ती माझ्या पिशवीत आहे आणि पिशवीकडं बघायचं मला भय वाटतंय. पोर पंधराची आहे. 'शाळा बुधवारी संपेल' म्हणजे लग्न गुरुवारी. कुठला गुरुवार ते लिहिलेलं नाही.

तुलाच का लिहिते, ते तुला कळलं असेल. तूही नववीतच होतीस.

मंजू


निपाणी, शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आक्का,

काल गुरुवार होता. प्रार्थनेला मी मुलींच्या रांगेकडंच बघत उभी होते. ती आली. दोन वेण्या, पाठीला दप्तर. इतकं बरं वाटलं! मग वाटलं, म्हणजे पुढचा गुरुवार.

गोपाळ सर आमचे हेडमास्तर. मंगळवारी त्यांच्यापुढं वही ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाक्यं वाचली, दोनदा वाचली, आणि वही माझ्याकडं सरकवली.

"बाई, हे व्याकरण हाय. ह्याचा पुरावा कसा करणार?"

"सर, वयाचा पुरावा तुमच्या कपाटात आहे. प्रवेशाचं रजिस्टर."

"हाय की. खरं तिचा काका कोण, म्हाईत हाय न्हवं?"

माहीत आहे. ओमकार. शाळा समितीचा अध्यक्ष. शाळेची कंपाउंड भिंत त्यानं बांधून घेतली, पंधरा ऑगस्टला झेंड्याशेजारी तोच उभा असतो. सर म्हणाले, "मला अजून चार वर्षं हायत रिटायर व्हायला. गावात ऱ्हायाचं हाय मला." ते वाईट माणूस नाहीत. बोलताना त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

त्यांनी कुणाला सांगितलं का, की भिंतीनं ऐकलं, कोण जाणे. बुधवारी शाळा सुटल्यावर मी बसची वाट बघत उभी होते, तर ओमकारची गाडी येऊन थांबली. खाली उतरला, नमस्कार केला. मला आवाज चढवणाऱ्या माणसाची इतकी भीती वाटत नाही.

"मॅडम, तुम्ही वडगावच्या न्हवं? विणकरांच्या घरातल्या?"

"हो."

"माग सोडून मास्तरीण झाला. लई चांगलं. एकट्याच ऱ्हाता निपाणीत. वखारीमागच्या गल्लीत, वरची खोली. जिना भाईरनं हाय."

मी बसच्या रस्त्याकडं बघितलं.

"त्या दाराची कडी निसटती बघा. घर आमच्या पाव्हण्यांचंच हाय. सांगतो त्येंना, बदलून द्या म्हणून." मग बस येताना दिसली तसा म्हणाला, "पोरींस्नी इंग्लिश शिकवा मॅडम. घरचं घरची माणसं बघत्यात. कुणाशी बोलला न्हाय न्हवं काय?"

मी म्हटलं, "नाही."

एवढ्यावर थांबले नाही. "स्वराली हुशार आहे," असंही म्हटलं आणि हसले. बसमध्ये चढताना त्याला नमस्कार केला. माझ्या हातांनी आपोआप केला तो. खिडकीशी बसल्यावर ते दोन्ही हात मी पदराखाली धरून बसले होते.

घरी येऊन कडी बघितली. खरंच निसटते. इतके दिवस माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता दाराला टेबल लावून ठेवते.

शनिवारी सकाळची शाळा असते. उद्या शाळा सुटली की तिच्या घरी जाऊन बघावं म्हणते. बघून काय करणार, ते ठरलेलं नाही.

मंजू


निपाणी, रविवार, १६ नोव्हेंबर

आक्का,

हे पत्र वाचून तू आधीची दोन्ही जाळलीस तरी मला बोलायचा हक्क नाही. पण हे लिहिल्याशिवाय मला पुढं काही करता येणार नाही.

काल स्वरालीच्या घरी गेले. ओमकार नव्हता, हे आधी बघून घेतलं. आजी होती, जयाबाई. सत्तरीची असेल. मला पाटावर बसवलं, चहा केला. घर सारवलेलं होतं. मी वयाचं, कायद्याचं बोलायला लागले तशी म्हणाली, "तिची आई धा वर्षामागं गेली. बाप गोव्याला, दिवाळीला येतो आनि जातो. मी आज हाय, उद्या न्हाय. मग ही पोर कुणाच्या दारात बसंल, सांगा की." स्वराली आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी येते म्हणून उठले, तेव्हा तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी आधी बघितलेली आहे. तुझी.

तू मला शहाण्णव सालच्या मे महिन्यात एक कागद दिला होतास. चार घड्या घातलेला. म्हणालीस, "मंजे, हे आमच्या इंग्लिशच्या बाईंस्नी दे. शहापूरला त्यांचं घर तुला म्हाईत हाय. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नगंस." आप्पांना वाचता येऊ नये म्हणून तू तो इंग्रजीत लिहिला होतास.

बाई आल्या नाहीत. सात दिवसांनी तुझं लग्न झालं. बाईंनी कागद वाचून फेकून दिला, असं तू जन्मभर धरून चाललीस. आप्पांच्या तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आप्पा अडाणी होते, त्यांचा राग कुठवर धरू? त्या बाई शिकलेल्या होत्या, त्यांनी माझा गळा कापला." आणि मी तुझ्यावर ओरडले. मयताच्या घरात असलं बोलू नकोस म्हटलं. तू ताट सोडून उठलीस, चिकोडीची बस धरलीस. सगळ्यांना वाटलं, मी आप्पांची बाजू घेतली.

मी माझी बाजू घेत होते, आक्का. बाईंना तो कागद मिळालाच नाही.

मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. समोरून आप्पा सुताची गठडी घेऊन आले. "हातात काय हाय गं?" एवढंच विचारलं. रागावलेही नव्हते. मी कागद पुढं केला. त्यांनी तो उलटा-सुलटा बघितला आणि मला घरी आणून मागाजवळ बसवलं. "वाच," म्हणाले. मी पाचवी झालेली. इंग्रजीची अक्षरं येत होती, चार शब्द येत होते. 'प्लीज' आलं. 'स्टॉप' आलं. 'मॅरेज' एकेक अक्षर लावून वाचलं. अर्थ मला नीट लागला नाही, त्यांना लागला. त्यांनी कागद चुलीत घातला. मला म्हणाले, "अंबूला सांगायचं न्हाय." आणि बाहेर नेऊन बर्फाचा गोळा दिला.

मी तो खाल्ला.

संध्याकाळी तू विचारलंस, "दिलास?" मी म्हटलं, "व्हय."

सोळाव्या वर्षी तू दवाखान्यात सतरा दिवस पडून होतीस, बाळ गेलं, तेव्हाही मी सांगितलं नाही. नंतर प्रत्येक वेळी वाटायचं, आता फार उशीर झाला. बारा वर्षांची असताना वाटलं, वीस वर्षांची असताना वाटलं. मी अकरा वर्षांची होते, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. बुधवारी त्या बसस्टॉपवर मी चाळीस वर्षांची होते, आणि ओमकारनं विचारल्यावर तसंच 'नाही' म्हणून हसले.

उद्या फोन करणार आहे. एक शून्य नऊ आठ, मुलांच्या मदतीचा नंबर. लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

मंजू


बेळगाव, शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आक्का,

वडगावात चुलतीच्या घरी बसून लिहितेय. जसं झालं तसं सांगते.

सोमवारी फोन केला. शाळेच्या मागच्या चिंचेखाली उभी राहून, तीनदा नंबर दाबून तीनदा कापला, चौथ्यांदा लागला. पलीकडची मुलगी कन्नडमध्ये बोलली. माझं कन्नड चांगलं आहे, पण तोंडातून शब्दच निघेना. ती म्हणाली, सावकाश सांगा, मी ऐकते आहे. सगळं सांगितलं. नाव सांगावं लागेल का, विचारलं. ती म्हणाली, नाही सांगितलंत तरी चालेल. मी सांगितलं. दुपारी महिला-बालकल्याण खात्यातल्या बाईंचा फोन आला. वयाचा दाखला हवा होता.

गोपाळ सरांकडं गेले. काय हवंय ते त्यांना माझ्या तोंडाकडं बघूनच कळलं. कपाट उघडून रजिस्टर काढलं, टेबलावर ठेवलं आणि छत्री घेतली. ऊन होतं, पाऊस नव्हता. म्हणाले, "मी पोस्टात जाऊन येतो. अर्धा तास तरी लागंल." मी फोटो काढले. सर बरोबर अर्ध्या तासानं आले. पोस्टाचं नावही काढलं नाही.

लग्न गुरुवारी, गावातल्याच देवळात, असं मला शाळेतल्या बायकांकडून कळलं होतं. तसं मी कळवलं. बुधवारी स्वराली शाळेत आली नाही. तिच्या घरासमोर मांडव नाही, पाव्हणे नाहीत, काही नाही. गुरुवारी अधिकारी गावात येणार आणि रिकाम्या देवळासमोर उभे राहणार.

दुपारी मी तिच्या घरी गेले. जयाबाई एकटीच उंबऱ्यात बसलेली. म्हटलं, "आजी, स्वराली कुठाय?"

"मला बोलू नगं म्हणून सांगितलंय."

"आजी, पंधरा वर्षांची पोर..."

"मला बोलू नगं म्हणून सांगितलंय, मॅडम." परत तेच. मी फिरले. अंगणातून बाहेर पडले, तोवर मागून हाक आली. म्हातारी आत जाऊन काहीतरी घेऊन आली होती. निळा स्वेटर. "पोरीला थंडी बाधती. गडबडीत हे घरातच ऱ्हायलं. तुम्ही लोंढ्याकडं जाणार असला तर द्या तिला. ठेसनापास्नं मैलभर, झाडीत देऊळ हाय." आणि दार लावून घेतलं.

मी तिथूनच खात्यातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, खानापूरहून माणसं पाठवतो, पण मुलीला ओळखणारं कुणीतरी हवं, तुम्ही याल का? आक्का, मला नाही म्हणायचं होतं. मी येते म्हटलं.

संध्याकाळच्या बसनं बेळगाव, रात्री चुलतीकडं, काल सकाळच्या गाडीनं लोंढा. डब्यात ज्यानं ज्यानं माझ्याकडं बघितलं, तो ओमकारचाच माणूस वाटत होता. स्टेशनवर जीप उभी होती. खात्यातल्या बाई, दोन पोलीस, त्यातली एक बाई. देवळापुढं तीसचाळीस माणसं होती. अक्षता वाटून झाल्या होत्या.

जीप बघून वाजंत्री थांबली. ओमकार पुढं आला. त्याच्या हातात आधारकार्ड होतं, त्यावर एकोणीस वर्षं. "साहेब, पोरगी सज्ञान हाय. बघा की." मग त्याला मी दिसले. त्यानं नुसतं बघितलं. मी एका झाडाच्या मागं सरकले. खरं सांगते, सरकले.

खात्यातल्या बाईंनी हाक मारली, "शिक्षिका कुठायत?"

सगळी माणसं वळली. कुणीतरी "हीच काय ती" असं म्हणालं. मी पुढं गेले, आणि इतक्या बारीक आवाजात बोलले की त्यांनी परत विचारलं. तेव्हा मोठ्यानं म्हटलं, "ही स्वराली. माझ्या वर्गात आहे, नववीत. पंधरा वर्षांची."

हिरव्या साडीत ती अगदीच लहान दिसत होती. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेल्या. खात्यातल्या बाई तिच्यापुढं वाकल्या, मराठीत विचारलं, "बाळ, ह्या तुझ्या मॅडम का?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग काकाकडं बघितलं.

"न्हाय. मी वळखत न्हाय."

पाठीमागं हशा झाला. ओमकार म्हणाला, "झालं? आता वाट मोकळी करा." माझ्या फोनमध्ये रजिस्टरचे फोटो आहेत, हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. काखेत स्वेटर होता, तोच पुढं केला. म्हटलं, "आजीनं दिलाय. तुला थंडी बाधते म्हणाली."

तिनं तो घेतला. छातीशी धरला. आणि मग आक्का, ती जी रडायला लागली! मांडीवरचं लेकरू रडतं तशी, तोंड उघडं टाकून. "आजीला सांगितलंय का तुम्ही? आजी चिडली न्हाय न्हवं? मला आजीकडं न्या मॅडम." तीनदा 'मॅडम' म्हणाली. पोलीसबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला जीपकडं नेलं.

मग मी खात्यातल्या बाईंना रजिस्टरचे फोटो दाखवले. लग्न थांबलं. दोन्हीकडच्या लोकांनी लिहून दिलं. मुलाचं नाव आदर्श. पंचवीस वर्षांचा, रेल्वेच्या ठेकेदाराकडं कामाला. तो मान खाली घालून उभा होता. मला म्हणाला, "मला अठरा सांगितलं होतं." खरं-खोटं देव जाणे.

मी जीपमध्ये बसताना ओमकार माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाला, "तुम्हाला परत निपाणीलाच यायचं हाय, मॅडम."

मी अजून गेलेली नाही.

मंजू


निपाणी, सोमवार, ८ डिसेंबर

आक्का,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण सुरू केलंय तर शेवटपर्यंत सांगते.

खोली सोडावी लागली. मालकानं कारण सांगितलं नाही. आता शाळेच्या कारकुनाच्या बहिणीकडं राहते, खालच्या मजल्यावर, घरात माणसं आहेत. दाराचा आवाज झाला की अजून उठून बसते. पोलिसात कळवून ठेवलंय. गावात बसमधून उतरले की बायका बोलायच्या थांबतात. पहिला आठवडाभर नववीच्या सात मुली शाळेतच पाठवल्या नाहीत. 'बाई पोरींच्या वह्या घेऊन पोलिसात जाते' म्हणून. समितीनं माझ्या बदलीचा ठराव केलाय. गोपाळ सरांनी तो वर पाठवला, आणि सोबत स्वतःचं एक पत्र जोडलं. त्यात काय लिहिलंय, ते मला सांगत नाहीत.

आणि ज्या पोरीसाठी हे केलं, ती माझ्याशी बोलत नाही.

बेळगावच्या बालगृहात तिला भेटायला दोनदा गेले. पहिल्यांदा आलीच नाही. दुसऱ्यांदा आली, समोर बसली. म्हटलं, "कशी आहेस?"

"तुम्हाला काय झालं मॅडम? तुम्ही शाळेत जाता. माझी शाळा गेली. आजी तिकडं ऱ्हायली. गावात मी कुठल्या तोंडानं जाऊ? तिकडं लोंढ्याला नुसती साडी नेसून उभं ऱ्हायाचं होतं. हितं रोज कोन ना कोन इचारतंय, काय झालं, कसं झालं."

"तूच वही ठेवून गेलीस, स्वराली."

"ठिवली. मला वाटलं तुम्ही काकांस्नी समजावून सांगशीला. जीप आनशीला असं कुठं म्हाईत होतं."

बरोबर केलं ना, असं कुणाला विचारू? तुला विचारायचा तर मला अजिबातच अधिकार नाही.

बाल कल्याण समितीपुढं तिचे वडील गोव्याहून आले होते. साधा माणूस, हात जोडूनच उभा होता. म्हणाला, "मी घरात नसतोय. भावाकडं ठिवली तर परत तेच व्हईल." तिनं शिकावं असं त्यानं लिहून दिलं. आजीनं अंगठा दिला. आता तिला चिकोडीच्या मुलींच्या वसतिगृहात पाठवतायत, तिथंच शाळा. पुढच्या सोमवारपासून. रविवारी भेटायला सोडतात.

तुझ्या फॉल-पिकोच्या दुकानापासून ते लांब नाही, हे मला माहीत आहे. मी तुला काही करायला सांगत नाही. फक्त कळवलं.

मंजू


निपाणी, सोमवार, ५ जानेवारी २०२६

आक्का,

काल मी चिकोडीला गेले होते. तुझ्या दुकानावरून गेले नाही, मागच्या रस्त्यानं गेले. रविवार होता, दुकान बंदच असणार, तरी धीर झाला नाही.

वसतिगृहाच्या दारात वही असते. भेटायला येणाऱ्यानं नाव, वेळ, मुलीशी नातं लिहायचं. माझं नाव लिहायला वाकले, तर वरच्या ओळीत तुझं अक्षर. सकाळी साडेनऊ. मी पानं मागं उलटली. अठ्ठावीस डिसेंबर, तू. एकवीस डिसेंबर, तू. पहिल्याच रविवारपासून.

स्वराली आली. गणवेश नीट मापात शिवलेला होता. मी बघतेय हे बघून म्हणाली, "त्या बाईंनी दुरुस्त करून दिला. खांद्यात उतरत होता." मग, "त्या लई बोलत न्हाईत. बसत्यात. मला ते बरं वाटतंय. तुम्ही आल्या की इचारतच सुटता."

म्हटलं, "आता नाही विचारत."

बराच वेळ आम्ही पायरीवर बसलो. ती शेंगा सोलत होती, मलाही मूठभर दिल्या. मग आपणहून म्हणाली, "मी त्येंना इचारलं, तुम्ही मॅडमशी का बोलत न्हाई? तर म्हणाल्या, अजून राग हाय. मी म्हटलं, मग मॅडमनी सांगितलं म्हणून येता कशाला? तर म्हणाल्या, तिनं सांगितलंय कुठं, आणि मी काय तिच्यासाठी येते?"

मला हसू आलं, आणि नाकात पाणी आलं. तू अगदी अशीच बोलतेस.

निघताना मी ती वही परत बघितली. मघाशी नातं ह्या रकान्याकडं बघायचं धाडस झालं नव्हतं. काहीच लिहिलं नसशील, किंवा 'ओळख' असं लिहिलं असशील, असं वाटत होतं. तिन्ही रविवारी तू एकच लिहिलंयस: 'मॅडमची बहीण.'

बदलीचा निकाल अजून लागलेला नाही. ओमकार समितीवर अजून आहे. काल बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर कोण बसलंय, ते मी दोनदा वळून बघितलं. हे सगळं तसंच आहे.

पुढच्या रविवारी, अकरा तारखेला, मी पहिल्या बसनं निघणार आहे. नऊपर्यंत चिकोडीला पोहोचते. वसतिगृहाच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडं उभी राहीन. आत येणार नाही. तुला बोलायचं नसेल तर सरळ आत जा, मी हाक मारणार नाही. बोलायचं असेल तर जे बोलायचं ते सगळं बोल. आप्पांच्या वेळी मी तुला गप्प केलं होतं, आता मी गप्प उभी राहीन.

मला भीती वाटतेय, आक्का. लोंढ्याला वाटली त्याहून जास्त.

मी येते.

मंजू